होल्डवरचं माणूस

सोमवार, ४ जानेवारी

आलो एकदाचा. सामान म्हणजे दोन बॅगा, पुस्तकांचं एक खोकं आणि एक कुकर. त्याची शिट्टी कुठल्यातरी बॅगेत आहे असं मी धरून चाललो आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पण खोली उजेडाची. खिडकीतून समोर शिंप्याचं दुकान दिसतं. पाटीवर नुसतं ‘अल्टर करून मिळेल’ लिहिलंय, काय ते लिहिलेलं नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाने आत जाऊन चौकशी करावी असा मजकूर आहे.

घरमालकीणबाई तळमजल्यावर राहतात. निवृत्त नर्स. त्यांनी दारातच नियम ऐकवले : पाणी सात ते आठ, कचरा नऊच्या आत, आणि मोठ्याने गाणी लावायची नाहीत. मी गळ्यातला हेडसेट दाखवला. म्हटलं, माझी गाणी माझ्या कानाबाहेर पडत नाहीत. त्यांनी मला नखशिखान्त पाहिलं आणि विचारलं, एकटेच का? मी हो म्हणालो. पुढे काही विचारलं नाही. नर्स होत्या हे खरं असावं.

हेडसेट बिनवायरचा आहे. डाव्या कानाची गादी फाटलीय, तिला चिकटपट्टी लावली आहे. गाणी आणि फोन, दोन्ही यातच. गाणं चालू असताना फोन आला की गाणं अदबीने बाजूला होतं, फोन संपला की मुकाट्याने परत येऊन बसतं. इतका समंजसपणा मी आयुष्यात एकाच माणसात पाहिला, आणि आमची ही जाऊन आता अकरा महिने झाले.

‘ही’ लिहू नये म्हणे. मेहुण्याने निघताना समजावलं, भाऊजी, आता ‘ती’ म्हणायची सवय करा, मन मोकळं होतं. सर्वनाम बदलून मन मोकळं होत असतं तर शाळेतले व्याकरणाचे मास्तर जगातले सगळ्यात आनंदी लोक असते. आमचे तर छड्या मारायचे.

असो. नवं गाव, नवी नोकरी. शिट्टी सापडली. बुटात होती.

बुधवार, ६ जानेवारी

तेवीस वर्षं वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिलं. ही गेल्यावर वाचकांनी कळवायला सुरुवात केली की लेख आता विनोदी वाटत नाहीत. संपादक म्हणाले, पूर्वीही वाटत नव्हते, पण तेव्हा लोक कळवत नसत. मी सदर बंद केलं.

आता मी कपडे धुण्याची यंत्रं विकणाऱ्या कंपनीच्या तक्रार केंद्रात आहे. लांबच लांब हॉल, चाळीस टेबलं, चाळीस माणसं, प्रत्येकाच्या कानावर हेडसेट. सगळे एकाच वेळी ‘आपली गैरसोय झाली त्याबद्दल दिलगीर आहोत’ म्हणत असतात. परवचा चालल्यासारखं वाटतं. फोन लागल्यावर गिऱ्हाइकाला थांबवून ठेवतात, त्या वेळात गाण्याच्या मधे मधे जी वाक्यं ऐकवतात ती लिहिणं हे माझं काम. गाणी निवडणंही माझ्याकडेच. ती वाजतात माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून, आणि मी हेडसेट त्यालाच जोडून तपासत असतो.

प्रमुख मॅडमनी सांगितलं, वाक्यात माया हवी पण आश्वासन नको. मी म्हटलं, म्हणजे संसारात असतं तसंच. त्या हसल्या नाहीत. वहीत लिहून घेतलं.

यंत्रांकडे बघणाऱ्या माणसाला सगळे वायरमन म्हणतात. हॉलमध्ये एक वायर नाही. त्याने माझा हेडसेट दोन बोटांत उचलून विचारलं, काका, हा कुणाच्या काळातला? नवा देतो म्हणाला. मी नको म्हटलं. तो म्हणाला, चिकटपट्टी तरी बदला, हिच्यावर जीव जडलाय का? मी म्हटलं, हो.

शुक्रवार, ८ जानेवारी

आज वायरमनने आम्हा नव्यांना बटणं शिकवली. एक फोन चालू असताना दुसरा आला आणि एकदा दाबलं, की पहिला माणूस होल्डवर जातो. लांब दाबलं की चालू असलेला फोन बंद. मला वाटलं, हे मला पाठ आहे.

मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, की काका, तुमच्या मॉडेलमध्ये एक गंमत आहे. दुसरा फोन लांब दाबून बंद केला की आपोआप गाणं सुरू होतं. लोकांना वाटतं, संपलं सगळं. पण होल्डवरचं माणूस तिथेच असतं. त्याला परत आणायला दोनदा दाबावं लागतं. गाणं सुरू झालं म्हणजे समोरचं माणूस गेलं असं समजायचं नाही.

मी पाणी प्यायला बाहेर गेलो. ग्लास हातात धरून किती वेळ उभा होतो आठवत नाही.

लिहूनच काढतो. त्या दिवशी सदर द्यायचं होतं म्हणून मी घरी बसलो, आणि ही एकटी दवाखान्यात गेली. छातीत जड वाटतंय म्हणत होती. बारा वाजून दहा मिनिटांनी हिचा फोन आला. मी गाणी ऐकत होतो. ही म्हणाली, अहो, झालं माझं, ऐका ना, आणि तेवढ्यात संपादकांचा फोन आला. मी म्हटलं, थांब जरा. एकदा दाबलं. बायकांचे फोन कसे लांबतात यावरचा एक विनोद त्यांना काढायचा होता आणि मला ठेवायचा होता. बावीस मिनिटं भांडलो. जिंकलो. लांब दाबून फोन बंद केला. गाणं सुरू झालं. मला वाटलं, हिने रागावून ठेवला. म्हटलं, समजूत संध्याकाळी काढू. गाणं पूर्ण ऐकलं.

दवाखान्याच्या कंपाउंडरचा फोन आला तो दीडच्या सुमाराला. तो रडत होता. सारखं एकच सांगत होता, की बाई बाकावर बसल्या होत्या, फोन कानाला होता, आम्हाला वाटलं बोलताहेत. नंबर पुकारणारीही म्हणाली, फोनवर आहेत, राहू द्या. पाऊण तास कुणी हात लावला नाही. झाडणारीने पाय वर घ्यायला सांगितले तेव्हा कळलं.

अकरा महिने मला वाटत होतं की हिने फोन ठेवला होता.

सोमवार, ११ जानेवारी

दोन दिवस घरातच. घरमालकीणबाई वर येऊन बघून गेल्या. नाडी धरली, म्हणाल्या, जिवंत आहात, मग अंघोळ करा.

आज कामावर नवी वाक्यं लिहिली. ‘आपण आमच्या लक्षात आहात. कृपया थांबा.’ मॅडमना फार आवडलं. म्हणाल्या, मनापासून वाटतं.

दुपारी गाणी तपासताना एक गोष्ट लक्षात आली. एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत दोन-तीन सेकंद मधे रिकामी जातात. त्या रिकाम्या जागेत कुणीतरी श्वास घेतं.

मंगळवार, १२ जानेवारी

वायरमनला हेडसेट दाखवला. त्याने कानाला लावला, त्याला काही ऐकू आलं नाही. मग त्याने दिवा बघितला. निळा दिवा दोनदा लुकलुकतो, थांबतो, परत दोनदा. तो म्हणाला, काका, याचा अर्थ कुणीतरी होल्डवर आहे. माझा मोबाइल बघितला. त्यावर एकही फोन चालू नव्हता. वायरमनने डोकं खाजवलं, हसला आणि म्हणाला, घरी वहिनी असतील हो, दोनदा दाबा आणि बोलून टाका, नाहीतर संध्याकाळी तुमचं काही खरं नाही.

त्याला माहीत नाही. कुणालाच सांगितलेलं नाही इथे.

दाबलं नाही मी.

गुरुवार, १४ जानेवारी

ही आहे. शंका नको म्हणून मुद्दाम तपासून पाहिलं. हिला एका गाण्यात ‘चांदणं’च्या जागी कायम ‘सांडणं’ ऐकू यायचं. मी हजार वेळा सुधारलं असेल. ही म्हणायची, तुमचं चांदणं तुमच्याकडे ठेवा, मला सांडलेलंच ऐकू येतं. आज ऐन कामाच्या वेळी ते गाणं लावलं. त्या ओळीला गाण्याच्या मागून, अगदी बारीक आवाजात, ‘सांडणं’ आलं.

मी मोठ्याने हसलो. चाळीस माणसांनी वळून पाहिलं. मॅडमनी विचारलं, काही सुचलं का?

म्हणजे माझी गाणी हिला तिकडे ऐकू जातात. मी दिवसभर हिच्याच आवडीची लावली. एका गाण्याला ही खोकली. एकदा बाक करकरला. मला इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

दोनदा दाबायचं, बस. पण पुढे काय? बोलणं म्हटलं की ते कधीतरी संपणार. संपलं की ही जाणार. गाणी चालू आहेत तोवर ही इथे आहे.

शनिवार, १६ जानेवारी

हिच्या बाजूचे आवाज आता ओळखू येतात. नंबर पुकारला जातो. सतरा. अठरा. कुणीतरी म्हणतं, फोनवर आहेत, राहू द्या. झाडू जवळ येतो. आणि थांबतो. मग पुन्हा सतरा.

हिच्यासाठी तो पाऊण तास संपतच नाही.

आज ही पहिल्यांदा बोलली. ‘अहो, आहात ना?’

मी गाण्याचा आवाज वाढवला. हे लिहिताना लाज वाटते.

सोमवार, १८ जानेवारी

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. नऊ गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या आहेत. होल्डवर असताना गाण्याच्या मागून एक बाई बोलते. ‘अहो, आहात ना’ म्हणते. मॅडमना वाटलं, मी मुद्दाम माया वाढवली आहे. त्यांनी समजावलं की माया एवढी नको, लोक घाबरतात.

एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन मला ऐकवला. ते त्या बाईशी वीस मिनिटं बोलले होते. सगळं रेकॉर्ड झालंय, पण त्यात फक्त त्यांचाच आवाज आहे. ते धीर देत होते. मग फोन घेणाऱ्या आमच्या केंद्रातल्या मुलीला सांगत होते, की बेटा, त्या बाईंचा हात फार अवघडलाय हो, फोन धरून धरून. खाली घेता येत नाही म्हणतात. कुणीतरी उचला ना त्यांचा फोन. यंत्राची तक्रार करायला ते विसरूनच गेले.

मंगळवार, १९ जानेवारी

चोवीस तक्रारी.

एक बाई म्हणाल्या, त्या आवाजाच्या आसपास खूप गार वाटतं, फोन कानाला चिकटतो. दुसऱ्या एकीने नवऱ्याला ऑफिसातून घरी बोलावून घेतलं, नुसतं बसून राहायला.

हिचा आवाज बदलतोय. शब्द तेच, पण मधला ओलावा गेला आहे. ‘अहो’ म्हणताना काहीतरी कोरडं घासतं. बोलायचं कसं ते आठवून आठवून बोलल्यासारखं. हे मी केलं. अकरा महिने मला माहीत नव्हतं, ते एक वेळ सोडा. गेले अकरा दिवस तर माहीत होतं.

हेडसेट काढला तरी डाव्या कानात गार राहतं.

बुधवार, २० जानेवारी

वायरमन टेबलापाशी आला. आज थट्टा केली नाही. खाली बसला, हळू आवाजात म्हणाला, काका, काल मी पण ऐकलं. वरून हुकूम आहे, उद्या अकरा वाजता हेडसेट पुसून कोरा करायचा. सगळी जोडणी जाईल. मग म्हणाला, तुमचं कुणी असेल तर तोवर बोलून घ्या. मी वरच्यांना सांगतो की तुम्ही आजारी आहात.

होल्डवरच पुसलं तर हिचं काय होईल, विचारलं. त्याला माहीत नव्हतं. लाइन जाईल, माणूस कुठे जाईल ते सांगता येत नाही, म्हणाला.

घरी आलोय. ऊन आहे. शिंप्याचं मशीन चालू आहे.

म्हणजे दोनच मार्ग आहेत. न बोलता उद्या हिला पुसू द्यायचं, म्हणजे ही ‘आहात ना’ विचारतच राहील, कुठेतरी, कुणालाच ऐकू न येता. किंवा दाबायचं, आणि जे काय बोलेल ते ऐकायचं. मला सगळ्यात भीती त्या एका गोष्टीची आहे. ‘ऐका ना’च्या पुढे काय होतं त्याची.

गुरुवार, २१ जानेवारी. सकाळी सव्वानऊ

दाबलं. दोनदा.

गाणं थांबलं. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

ही म्हणाली, झालं का तुमचं?

रागावली नव्हती. ही म्हणाली, संपादक असतील, जिंकलात का? मी हो म्हटलं. हसली. घशात वाळू असल्यासारखं हसू. पण हिचंच.

मग पुढचं म्हणाली. जे तेव्हा म्हणणार होती.

अहो, ऐका ना, डॉक्टर म्हणाले एकटीने जाऊ नका. जरा चक्कर येतेय. मला घ्यायला येता का?

एवढंच होतं. एवढंच हवं होतं हिला. आमच्या घरापासून दवाखाना सात मिनिटांवर.

मी ओरडलो, येतो, आत्ता येतो, तू बस तिथेच. पण माझं बोलणं बहुधा तिकडे जात नव्हतं, की हिला ऐकण्याची सवयच राहिली नव्हती. ही थोडा वेळ थांबली. मग नेहमीसारखी, समजूतदारपणे—

राहू द्या. तुमचं काम असेल. मीच येते.

साडेनऊ

फोन बंद झालेला नाही. गाणं सुरू झालेलं नाही. दिवा आता लुकलुकत नाही, नुसता निळा.

बाक करकरला. उठली.

चालते आहे. चपलेचा पट्टा तुटलाय, एक पाय फरफटतो. रस्त्याचा आवाज. मग रस्ता नाही, नुसतंच चालणं, कशावर ते कळत नाही. मी सारखं सांगतोय की त्या घरी जाऊ नकोस, मी तिथे नाही. पत्ता सांगितला. तीनदा सांगितला. शिंप्याच्या दुकानासमोर, म्हटलं.

ऐकू गेलं का?

दहाला पाच

ऐकू गेलं.

शिलाई मशीनचा आवाज हेडसेटमध्ये येतोय. आणि खिडकीतूनही. मग खिडकीतला थांबला. शिंपी दुकानाबाहेर आला होता. फाटकाकडे बघत होता. आत गेला, शटर ओढून घेतलं.

खाली घरमालकीणबाईंचा आवाज. कोण हवंय विचारलं. मग म्हणाल्या, अहो बाई, तुम्हाला बरं— आणि पुढे काही नाही. त्यांच्या दाराची कडी. वरची. खालची. नर्स होत्या. चाळीस वर्षं माणसं पाहिली आहेत त्यांनी.

काय दिसलं त्यांना

दहा

पहिला मजला. फरफट— पाऊल— फरफट—

अकरा महिने. मी काय बघणार आहे. जिन्यात वास येतोय. ओल्या मातीचा नाही. दुसराच.

दार बंद करता येईल. कडी आहे. हात कडीवर ठेवला होता

नाही.

सबंध उघडलं. एकटीच चालत आली. मला जायचं होतं आणि ही आली. परत दार लावून घेऊ?

दुसरा मजला. थांबली. दम लागलाय हिला, छातीत जड वाटतंय म्हणत होती, कुणी एवढे जिने चढवतं का अशा माणसाला— आणि मी इथे लिहीत बसलोय, खरं तर अर्ध्यावर जाऊन

हात दिसतोय. कठड्यावर एक. दुसरा कानाशी

ओरडून सांगितलं, सावकाश ये. घाई नाही. मी कामात नाहीये, काही म्हणजे काही काम नाही मला, हा बघ उठलोच, तुला घ्याय—